मोठ्या बाईंपुढे जाण्याची तालीम

आमच्या भाऊजींच्या आयुष्यात अचानक असं कधी काही घडलं नाही. घडायला लागलंच, तर ते त्याला दारात थांबवत आणि आधी तालीम करून मगच आत घेत. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान. मूळचे काटोलकडचे, संत्र्याच्या बागेत वाढलेले, आणि नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात, टर्बाइनच्या हॉलमध्ये. तिथे एवढी घरघर, की शेजारचा माणूस बेंबीच्या देठापासून ओरडला तरी त्याचे नुसते ओठ दिसतात. सगळा कारभार हातवाऱ्यांवर. माझे यजमान एकदा तो हॉल बघून आले आणि संध्याकाळपर्यंत आमच्याशी ओरडून बोलत होते. भाऊजींना मात्र ती जागा फार प्रिय. "लय शांत जागा आहे," असं म्हणायचे.

कुणाकडे दुःखाचं भेटायला जायचं असेल, तर आधी क्वार्टरमध्ये ताईला त्या घरातल्या विधवेचं काम करावं लागे. भाऊजी चपला काढून आत येत, मान खाली घालून सतरंजीवर बसत, आणि ताईनं नेमक्या वेळी डोळ्याला पदर लावला नाही तर उठून पुन्हा दाराबाहेर जात. एवढं करून प्रत्यक्षात त्या घरी ते गप्प बसत आणि गप्प उठत. लोक म्हणत, माणूस असावा तर असा, उगाच पोकळ बोलत नाही. भाजीला निघाले की आधी अंगणात येरझारा, ओठ हलताहेत. शेजाऱ्यांना वाटायचं जप चाललाय. आणि बाजारात जाऊन करायचं काय, तर वांग्यांकडे बोट. मी एकदा ताईला विचारलं, "काहून वं, तुझ्या घरी रोज वांगी?" तर म्हणाली, "समोरच ठेवलेली असतात ना."

तालीम न झालेला प्रश्न कुणी टाकलाच, तर त्यावर खर्रा होता. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला हा जिन्नस नागपुरात पुष्कळ लोक खातात, पण भाऊजींइतका कामाला कुणी लावला नसेल. प्रश्न आला की ते एक बोट वर करत, म्हणजे थांबा. मग पुडी निघे, चिमूट गालात जाई, डोळे मिटून चघळणं होई, बाहेर जाऊन थुंकणं होई, आणि परत येऊन ते अगदी मोजकं, ठाशीव उत्तर देत. "चहा घेता का?" यालासुद्धा हेच. तोवर चहा निवायचा. त्यांच्या लग्नात बायकांनी "नाव घ्या, नाव घ्या" म्हणून दार अडवलं, तेव्हा त्यांना असा ठसका लागला की पाणी आणायला धावाधाव झाली आणि उखाणा राहूनच गेला. माणसांना नावानं हाक मारणं तर त्यांना मंजूरच नव्हतं. माझं नाव प्रमिला, पण मी कायम साळीबाई. माझे यजमान साहेब. आमची पोर पल्लवी, ती जन्मल्यापासून मॅडम.

पण या सगळ्यांवर कडी म्हणजे त्यांचा बसचा प्रवास. आमचं घर पागलखाना चौकाजवळ. यावर नागपूरचा माणूस हसत नाही, तो बसचा थांबा आहे. कोराडीहून येणारी बस आमच्या चौकातच थांबते. पण भाऊजी तिथे कधी उतरले नाहीत. कंडक्टर आला की ते एक बोट वर करत आणि हात पुढे, अगदी लांब दाखवत. म्हणजे एक तिकीट, शेवटपर्यंत. बस आमच्या दारावरून पार बर्डीच्या शेवटच्या थांब्याला जायची, आणि भाऊजी बर्डीला उतरून तेवढं सगळं अंतर उलटं चालत आमच्याकडे यायचे. मे महिन्यात डोक्याला दुपट्टा बांधून, घामाघूम! मी चिडून म्हणायची, "अहो भाऊजी, घर मागं टाकून जाता काहून?" बोट वर, खर्रा, थुंकणं, आणि मग उत्तर: "पाय मोकळे होतात." मी माठ भरून ठेवायला शिकले. दुसरं काय करणार!

पल्लवी दुसरीत होती तेव्हाची गोष्ट. ती बोलताना अडायची. तशी घरी डोकं उठेल एवढी बोलायची, पण शब्दाच्या तोंडाशीच गाडी रुतायची. मोठ्या दवाखान्यात एक बाई बोलण्याचे व्यायाम शिकवत. 'स्पीच थेरपी' हा शब्द आम्ही तिथेच पहिल्यांदा ऐकला. त्यासाठी आठवड्यातून दोन सकाळी तिला शाळेत उशीर व्हायचा. आणि वर्गात तर तिनं तोंड उघडायचंच सोडून दिलं होतं. शेवटी शाळेतून निरोप आला, की मोठ्या बाईंना येऊन भेटा, तिसरीत घ्यायचं की नाही ते ठरवायचं आहे. वर्गाच्या बाईंचं मत, हिला मूकबधिरांच्या शाळेत घालावं. माझी पोर ना मुकी, ना बहिरी! मला रडूच फुटलं. मी दोन दिवस भाजीत मीठ घालायला विसरत होते, आणि यजमान ते मुकाट्यानं खात होते.

ताईकडून भाऊजींना हे कळलं आणि त्याच रविवारी ते बर्डीवरून चालत हजर झाले. पाणी प्यायले, घाम पुसला, आणि म्हणाले, "तालीम करू."

आमच्या पुढच्या खोलीत मोठ्या बाईंचं ऑफिस उभं राहिलं. शिलाई मशीन म्हणजे टेबल. मोठ्या बाई म्हणून माझ्या यजमानांना बसवलं, मिशांसकट. वर्गाच्या बाई म्हणजे ताई, ती आदल्या दिवशीच आमच्याकडे आली होती. मी म्हणजे मीच, आणि ते मला काही केल्या जमेना. "साळीबाई, तू आई वाटून नाही राहिली," भाऊजी म्हणाले. मी म्हटलं, "आता सात वर्षांची पोरगी समोर उभी आहे, अजून काय पुरावा देऊ?" पण दिग्दर्शकापुढे कुणाचं चालतं! मला दारातून किती वेळा आत यायला लावलं याला गणती नाही. हात बांधायचे नाहीत, रडायचं नाही, रडलो की ते लोक पाणी देतात आणि विषय संपवतात. यजमान मोठ्या बाई म्हणून इतके मऊ वागत की पहिल्याच वाक्याला पोरीला चौथीत बसवून मोकळे होत. मग भाऊजी त्यांना खूण करत, कडक, अजून कडक. ताई मात्र वर्गाच्या बाईंच्या कामात अशी शिरली की मी तिच्याशी चहा होईपर्यंत बोलले नाही.

पल्लवीला शिपाई केलं होतं. पितळी पेला चमच्यानं वाजवायचा आणि म्हणायचं, "आत या." ते ती प्रत्येक वेळी न अडता, ठणठणीत म्हणायची. एवढे शब्द सोडून तिला 'आत या'च का दिलं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मोठ्या बाई विचारतील तो प्रत्येक प्रश्न भाऊजींनी काढून ठेवला होता. दवाखान्यात किती दिवस लागतील, इतर मुली हसल्या तर काय, तोंडी परीक्षेचं काय. आम्ही कढईतल्या फुटाण्यांसारखी तडातड उत्तरं द्यायला लागलो. भाऊजी स्वतः शाळेत येणार नव्हतेच. ते आम्हाला सोडून फाटकाबाहेर थांबणार होते.

आणि नेमकं भेटीच्या दिवशी यजमानांच्या ऑफिसात ऑडिट निघालं. रजा नाही. मी एकटी मोठ्या बाईंपुढे कशी उभी राहू, म्हणून मी पुन्हा दारातून आत-बाहेर करायला लागले. शाळेपर्यंत सोडायला म्हणून भाऊजी ताईला घेऊन आदल्या दिवशीच येऊन राहिले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पल्लवीकडे बघितलं, बोट वर केलं, चिमूट लावली, बाहेर जाऊन आले आणि म्हणाले, "मी येतो आत."

शाळा सदर भागात. फाटकापाशी मी त्यांच्यापुढे हात केला. "पुडी द्या, भाऊजी. शाळेत खर्रा चालत नाही." त्यांनी एकदा माझ्याकडे असं बघितलं की मला कळेना, एवढ्याशा पुडीत काय आहे. मग दिली. मी ती पर्समध्ये टाकली.

मोठ्या बाई करड्या केसांच्या, जाड चष्म्याच्या, आवाज हळू पण ठाम. वर्गाच्या बाई बाजूला उभ्या. आम्ही बसलो. मी हात बांधले नाहीत. पाठ केलेलं पहिलं वाक्य ओठांवर तयार होतं. मोठ्या बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही आई." मग भाऊजींकडे वळल्या. "आणि आपण? आपलं नाव?"

हा प्रश्न आम्ही काढलाच नव्हता.

भाऊजींचं बोट वर गेलं. हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. मान ताठ झाली, डोळे मिटले, ओठ एकमेकांवर घट्ट दाबले गेले, आणि ओठांमागून काहीतरी बाहेर यायला धडपडायला लागलं. तो चेहरा मी रोज बघत होते. माझ्या पोरीचाच चेहरा तो, फक्त त्याला मिशा होत्या. मग एकदम मला वांगी आठवली, लग्नातला ठसका आठवला, तालमीतलं न अडणारं 'आत या' आठवलं आणि बर्डीवरून उन्हात चालत येणारा माणूस आठवला. वर्गाच्या बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. पल्लवी खुर्चीवरून उतरली आणि भाऊजींच्या गुडघ्यावर हात ठेवून, दवाखान्यातल्या बाई तिला म्हणत तसं म्हणाली, "घ… घ… घाई नाही, काका."

मग नाव आलं. एकेक अक्षर आलं. ते नाव मी इथे सांगत नाही. त्यांना ते सांगायला एवढे कष्ट पडले, ते मी फुकटात सांगणं बरं नव्हे.

त्यानंतर ते जे बोलले ते तालमीत कुठेच नव्हतं. "मले शाळेतून कोणी काढलं नव्हतं, बाई. मास्तर चांगले होते. रोज हजेरी व्हायची. माझं नाव आलं का मले 'हजर' म्हणता यायचं नाही. पोट्टे हासायचे. एक दिवस मी गेलो नाही. मग गेलोच नाही. हिच्यासाठी जरासं थांबत जा, बस. ही हुशार आहे." हे मी सलग लिहिलं आहे. त्यांनी ते सलग सांगितलं नाही. चपराशी मधल्या सुट्टीची घंटा देऊन गेला तरी ते पुरं झालं नव्हतं, आणि त्या खोलीत कुणीही त्यांचं वाक्य पुरं करून दिलं नाही.

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. मग पल्लवीला तिचं नाव विचारलं. तिला जेवढा वेळ लागला तेवढा लागला. मोठ्या बाई थांबल्या. "तिसरीत बसवू या," त्या वर्गाच्या बाईंना म्हणाल्या. "दवाखान्याच्या दिवशी पहिला तास नको. तोंडी परीक्षा माझ्या खोलीत. आणि हजेरीला हात वर केला तरी चालेल." पाठ केलेली सगळी उत्तरं माझ्या तोंडात तशीच राहिली. मी रडले. मला पाणी दिलं, आणि विषय संपला. भाऊजी म्हणाले होते तसंच.

परतीच्या बसमध्ये गर्दी. मला पुढे बायकांच्या सीटवर जागा मिळाली, पल्लवी काकांबरोबर मागे बसली. कंडक्टर आधी त्यांच्याकडेच गेला. "बोला!" भाऊजींचा हात सवयीनं वर झाला. बस कोराडीची होती. आता आम्ही तिघं कोराडीला जाऊन चालत परत येणार, हे मी ओळखलं आणि पर्स उघडून उठायला लागले. तेवढ्यात पल्लवीनं त्यांचं वर केलेलं बोट धरलं आणि खाली घेतलं. भाऊजींनी डोळे मिटले. "प… प… पा…" अर्धी बस वळून बघायला लागली. बस पुढच्या थांब्यावर जाऊन पुन्हा निघाली. "पागलखाना. तीन."

"तिघं बी जाऊन राहिले का?" कंडक्टर म्हणाला. आणि भाऊजी जे हसले, बाप्पा! त्यांना तसं हसताना मी कधी बघितलं नव्हतं. आम्ही आमच्या चौकात उतरलो, आणि चार पावलांत घरी.

ताई दारातच होती. मी तिला आत नेऊन विचारलं, "तुले माहीत होतं?" ती म्हणाली, "त्यांनी कधी सांगितलं नाही वं, मी कधी विचारलं नाही." आणि वांगी चिरायला बसली.

पल्लवी आता मोठी झाली. अजूनही मधूनच अडते, नवऱ्याशी भांडताना मात्र कुठे म्हणून अडत नाही. भाऊजी जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची एक सकाळ मला विसरता येत नाही. त्या भेटीनंतर काही दिवसांनीच ते आले. चौकातच उतरले असणार, कारण दुपट्टा कोरडा होता. दाराशी येऊन उभे राहिले; कडी वाजवली नाही, येरझारा नाहीत. बाहेरून आवाज आला, "प्र… प्र…" मी धावत गेले आणि कडीवर हात ठेवून तशीच उभी राहिले. ते नाव पुरं झाल्याशिवाय मला दार उघडायचं नव्हतं. "प्र… प्रमिला," भाऊजी म्हणाले, आणि मी कडी काढली. आता मला नावानं हाक मारणारी माणसं भराभर हाक मारतात आणि मोकळी होतात. माझ्या नावाला एवढा वेळ पुन्हा कुणी दिला नाही.