शिडापलीकडचा काठ

गंगापूर धरणावर मी माझं नवं कोरं शीड पहिल्यांदा घेऊन गेले, तेव्हा एका म्हाताऱ्यानं ते न विचारता उचललं, उन्हासमोर धरलं, एक डोळा मिटला आणि निकाल दिला, "दिसायला पास. तीन उन्हाळ्यांत रिजेक्ट." असा राग आला म्हणून सांगू! आठवडाभर लोकांचे दात उपटून मी रविवारी फळीवर उभं राहून वाऱ्यावर पळायला शिकत होते, आणि हे कोण टिकोजीराव?

हे भालेरावकाका. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये त्यांची सगळी नोकरी टपाल तिकिटांचे ताव तपासण्यात गेली. त्यांच्या लेखी जग दोनच प्रकारचं: पास नाहीतर रिजेक्ट. चहा, जावई, माझे केस, कुणाची म्हणून सुटका नव्हती. निवृत्त झाल्यावर लोक वणीला जातात, हे गृहस्थ शीड धरायला शिकले. दर रविवारी दुपारी काकूंना घेऊन धरणावर यायचे. काका पाण्यात, काकू गाडीत विणत.

त्यांचं शीड जाड कापडाचं, चहाच्या रंगावर गेलेलं. त्यातली पारदर्शक खिडकी फाटली, तेव्हा पंचवटीतल्या एका मांडव शिवणाऱ्याकडून त्यांनी तिथंही कापडच लावून घेतलं होतं. माझं शीड प्लास्टिकचं, काचेसारखं आरपार. आमची भांडणं यावरूनच. जोराचा झोत आला की त्यांचं कापड ताणलं जायचं, फुगवटा मागे सरकायचा आणि दंड भरून यायचे. ओलं झालं की पाण्यातून उचलताना कंबर मोडायची. माझं आकार सोडत नसे, मनगट जरा वळवलं की फळी ऐकायची. पण ऊन खाऊन ते कडक होत चाललं होतं. ते गुंडाळूनच ठेवावं लागे, घडी पडली की तिथंच तडकणार. त्यांचं आपलं चादरीसारखी चौघडी करून काखेत. "चालवायला तुझं पास," ते प्रामाणिकपणे सांगत, "पण टिकायला माझं. कापड पडलं-झडलं तरी रुसत नाही गं."

मग त्यांना काचबिंदू निघाला. "डाव्या डोळ्यानं रजा टाकलीय, उजवा निवृत्तीला आलाय," हसतच सांगितलं. थोड्या वेळानं हळूच म्हणाले, "डॉक्टर, डोळे आहेत तोवर एकदा तुझं शीड दे. इथला वारा काठाकडे वाहतो, म्हणून शीड कायम माझ्या आणि काठाच्या मधे पडदा धरतं. आठ वर्षं झाली, पाण्यातून आपला काठ कसा दिसतो ते मी पाहिलेलंच नाही."

आणि मी काय म्हणावं? "माझी शर्यत होऊ द्या काका, मग नक्की." आजही लिहिताना लाज वाटते. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. दोन रविवारांनी त्यांनी चहाचा कप टेबलावर म्हणून ठेवला, तो टेबलाच्या बाहेर पडून फुटला. मी मुकाट्यानं माझं शीड त्यांच्या हातात दिलं.

सोबतीला मी त्यांचं कापडी धूड घेऊन निघाले. पलीकडचे डोंगर उन्हात अर्धे विरघळले होते. पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं, कळत नव्हतं. काका पुढे नुसते तरंगत चालले होते, जणू हातात काही धरलेलंच नाही. माझ्यासमोर मात्र चहाच्या रंगाची भिंत. दंडांची वाट लागली आणि मी बरीच मागे पडले.

काठाला लागले तर काय! काकांनी माझं शीड डोलकाठीवरून उतरवून छान चौघडी घातली होती. वरून हातानं दाबून इस्त्रीसुद्धा!

"अहो काका! घडी घातलीत? दोन आठवड्यांवर शर्यत आहे माझी!" मी अक्षरशः किंचाळले. उलगडलं तर मधोमध उभी-आडवी चीर.

"घातली खरी," ते आपल्या हातांकडे बघत म्हणाले. "कापडाची सवय. लक्षच नव्हतं माझं." मग म्हणाले, "ती उभी असते गं."

"कोण?"

"ही. मला वाटायचं गाडीत विणत बसते. मी निघालो की ही पाण्याच्या कडेला येऊन उभी राहते. मी दूर गेलो की पाण्यात उतरते, पार घोट्यापर्यंत. आणि मी काठाजवळ आलो की पळत गाडीत! आठ वर्षं मला पत्ता लागू दिला नाही."

"काहीतरीच तुमचं," काकू गाडीतून म्हणाल्या. लोकर हातात होती, पण साडीचा काठ चिंब ओला. माझा राग कुठल्या कुठे गेला, आणि रडू आलं ते आवरेना.

शर्यतीत मी चिकटपट्टी लावलेलं शीड घेऊन उतरले आणि सपाटून हरले. उन्हाळ्याच्या आत काकांची नजर गेली. तरी दोघं दर रविवारी येतात. पाण्यात आता मी एकटीच असते, आणि शिडातून मला ते दिसतात: काका पाण्याकडे तोंड करून उभे, शेजारी काकू. "अहो, आली ती, दिसतेय मला. बसा आता," काकू सांगत राहतात. माझी फळी काठाला घासल्याचा आवाज येईपर्यंत काका बसत नाहीत.