काकाजींचे मऊ चाकू

घरी पाहुणा आला की पाण्याच्या गडव्यामागोमाग काकाजी एक चाकू आणि एक भेदरं, म्हणजे टमाटर, त्याच्यापुढे ठेवत. चाकू हातात दिला तर वैर येतं म्हणून तो जमिनीवर ठेवायचा. "उचल, काप, आन् खरं सांग." पाहुणा कापायला जाई, भेदरं पिचकून रस धोतरावर उडे, तरी तो बिचारा "बेस आहे जी" म्हणे. "बेस कायले म्हणतेस? डोयानं दिसून रायलं ना!" असं म्हणत काकाजी त्याच्यावरच उखडत.

काकाजी म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर धान पिकायचं, खाऊनपिऊन सुखी माणूस. इंग्रज गेले त्या सुमारास त्यांना हाताने चाकू घडवायचा नाद लागला. मागच्या अंगणात मातीची भट्टी, चामड्याचा भाता आणि ठोकून पाती करायला गोंदियाच्या भंगारवाल्याकडून आणलेल्या झिजक्या कानशी. मी गावातच मास्तर होतो. शाळा सुटली की भाता ओढायला मी. हौस त्यांची आणि घाम माझा! त्यांना हवं होतं एवढंच, की काकीने एकदा तरी त्यांच्या चाकूने भाजी चिरावी. काकी विळी सोडायला तयार नव्हती. "तुमच्या चाकूनं भाजी कापली तं जेवाले सांजच होईन," ती म्हणे.

पहिलं पातं त्यांनी लाल करून पाण्यात बुडवलं, ते टिच्चकन तडकलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पुढे कुठलंच पातं त्यांनी पाण्याला दाखवलं नाही. आमच्याकडे धानाच्या भुशाला काय तोटा? तापलेलं पातं ते भुशाच्या राखेत पुरून ठेवत. "हळू थंड होऊ दे. घाई केली का लोखंड रुसते."

एका सकाळी मी आदल्या सांजेचं पातं काढायला राखेत हात घातला, तर चटका बसला.

"काकाजी, हे अजून थंडच नाही होऊन रायलं. झटकन थंड झाल्याबिगर लोखंड कडक कसं होईन? तेलात तरी बुडवा."

"आन् तडकलं तं?"

"तं दुसरं करू."

"तुले काय, तू भाता ओढतेस. घडवतो मी."

लोहाराला विचारा म्हटलं, तर "इचारून केलं तं आपलं काय रायलं?" मी चिडून भाता टाकून आपल्या घरी जाई आणि दुसऱ्या दिवशी मुकाट परत येई. वर्षानुवर्षं हेच चाललं. मऊ चाकूंनी कोनाडा भरला. मान खाली घालून पाती घासत बसलेल्या काकाजींची ती हट्टी पाठ पाहिली की मला रडू यायचं, रागाने.

शेवटी दम्याने त्यांना खाटेला खिळवलं. एके दिवशी त्यांनी उशाखालून एक पातं काढलं. "हे बुडव. मी कान झाकून घेतो." आणि खरंच कानांवर हात ठेवले.

मी पातं लाल करून जवसाच्या तेलात सोडलं. भडका उडाला, धूर झाला, पण तडकल्याचा आवाज आला नाही. जरा शेकून, दगडावर धार लावून मी ते काकीला दिलं. ती खाटेजवळ बसली आणि कांदे चिरू लागली. पातळ, सरसर चकत्या पडत गेल्या.

काकाजींनी एक चकती उचलून उजेडात धरली. मग माझ्यावरच ओरडले, "आंधी काऊन नाही सांगतलंस बे?"

त्याच पंधरवड्यात ते गेले. मला त्यांच्याशी कडकडून भांडायचं होतं, ते राहूनच गेलं.