सवतीचं अंगण

आमचे चित्तेवान घरात बोलायचे नाहीत. मीठ कमी पडलं तरी नुसती मान हलवायची. महाराजांच्या चित्तेखान्यात मात्र लाडली नावाच्या चित्तिणीशी तासन्‌तास गुजगोष्टी! सवतच म्हणा ना, अंगभर ठिपक्यांची. मेलीचा मला भारी राग यायचा.

शिकारीच्या तालमीसाठी नवी आणली तेव्हा ती पिंजऱ्यात येरझाऱ्या घालायची, मांसाला तोंड लावायची नाही. चित्तेवान हट्टाला पेटले. पिंजरा काढून तिला कुंपणाचं मोकळं अंगण केलं. फरशी उखडून माती टाकली, उन्हात पसरायला ओटा बांधला, कोपऱ्यात करवंदीची जाळी लावली. "तिला लपाया जागा नगं व्हय?" म्हणाले. इथे मी एका खोलीत सासू आणि दोन नणंदा घेऊन राहत होते. मला कुठे होती लपायला जागा?

दरबारच्या अधिकाऱ्यांनी बजावलं, "पावसाळ्याआधी माणसाळली न्हाय, तर परत पिंजरा."

चित्ता माणसाळवायचा तर बायकापोरांनी त्याच्याजवळ बसून दिवसभर बडबडायचं, अशी त्या कामाची रीतच होती. चित्तेवानांनी मलाच नेऊन बसवलं.

"काय बोलू हिच्यासंगं?"

"तोंड हाय की तुला. काय बी बोल."

बोलले की! तांदूळ निवडता निवडता नवऱ्याच्या सगळ्या कागाळ्या ओतल्या. "माझ्यासंगं दोन शब्द न्हाईत, आन् तुझ्या कानात काय सांगत्यात गं, सटवे?" आधी ती जाळीतून गुरगुरायची. मग ओट्यावर आली. एके दुपारी माझ्या सुपाशेजारी पाय ताणून झोपलीच. पिंजरा टळला, तिचं अंगण राहिलं.

पण आता चित्तेवानांनी हाक मारली की ती आधी माझ्याकडे बघायची. त्यांचं तोंड एवढंसं झालं. "काय सांगतीस तिला एवढं?" म्हणाले, "मला बी सांग की." मनातल्या मनात मला उकळ्या फुटल्या. तेव्हापासून तेही ओट्यावर येऊन बसायला लागले. लग्नानंतर आम्ही खरं बोललो ते तिथे, त्या मेलीच्या अंगणात.

पुढे तापात ते गेले. जाताना म्हणाले, "लाडलीकडं जात ऱ्हा." तेव्हासुद्धा तिचंच नाव!

विधवेनं घरात बसायची इद्दत संपल्यावर मी अंगणात गेले. लाडली जाळीतून आली, मला हुंगलं आणि फाटकाकडे तोंड करून बसली. त्यांची वाट बघत. ते गेल्याचं तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मीही सांगितलं नाही. शेजारी बसले आणि तिच्यावर जन्मात जळले नव्हते इतकी जळले.