पेटीवाल्याचा कडक उपास

शवपेट्या करणाऱ्या माणसाला मित्र कमी असतात, पण मान असतो. आज ना उद्या आपलं याच्याशी काम पडणार, हे सगळे जाणून असतात. त्याला लोक पेटीवाला म्हणत. तोंडावर म्हणत आणि पाठीमागेही. त्याची खोड एकच. माणूस दिसला, की त्याचे डोळे आपोआप माप घेत. चर्चच्या दारात कुणी हात मिळवला, की हसता हसता याची नजर टाळूपासून टाचेपर्यंत जाऊन यायची. "मेल्या, आज नको, गडबडीत आहे," असं चर्चचा घंटावाला त्याला दर रविवारी सुनवायचा.

त्याची दुसरी ख्याती उपासाची. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ सुरू होतो, त्या राखेच्या बुधवारी फादरांनी कपाळावर राख लावून 'तू माती आहेस, मातीलाच मिळशील' म्हटलं, की इतर जरा चरकायचे. याला ती बातमी जुनी होती. चर्चचं मागणं तसं बेताचं: दोन दिवस उपास, शुक्रवारी मांस नको, आणि आजाऱ्यांना, म्हाताऱ्यांना माफी. एवढ्यावर भागवणाऱ्यांना तो 'सवलतवाले' म्हणे. स्वतः तो सगळा उपासकाळ मांस, दारू, चहा, साखर सोडायचा आणि शुक्रवारी नुसत्या पाण्यावर रंधा ओढायचा. "भूक लागली की देव आठवतो," असं सांगायचा. ऐकणाऱ्याला मात्र वाटे, याला त्या वेळी उपास न धरलेले शेजारीच जास्त आठवत असावेत. गुड फ्रायडेला क्रूस वाहण्याचा मान दरसाल त्याचाच असे. हडकलेला माणूस क्रूसाखाली शोभून दिसतो.

त्या वर्षी बायकोच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी पोट उघडलं, आत पाहिलं आणि पुन्हा शिवून टाकलं. "जे जाईल ते खाऊ द्या," एवढंच म्हणाले. दवाखान्यातून परत येताना ती गाडीत डोळे मिटून पडली होती, आणि पेटीवाल्याच्या नजरेने, धन्याला न विचारता, तिचं माप घेतलं. त्याला स्वतःची शिसारी आली. त्या दिवसापासून त्याने तिच्याकडे बघणंच सोडलं. औषध देताना तो बाटलीकडे बघे, बोलताना खिडकीकडे. पुढे उपासकाळ लागला. देवाला त्याने सांगून ठेवलं, यंदाचा उपास तिच्यासाठी. नेम मोडून एक घास खाल्ला तर ती जाईल, असं मनाशी धरून बसला. देवाने असा काही करार केल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं, पण पेटीवाल्याने आपल्या बाजूने सही केली होती.

घर सांभाळायला धाकटी मेहुणी येऊन राहिली होती. शिवणकाम करायची, जीभही सुईइतकीच टोचायची. गुड फ्रायडेच्या दुपारी तो मिरवणुकीसाठी पांढरा सदरा चढवत होता. ती कोंबडीच्या सुपाचा वाडगा घेऊन दारात उभी राहिली.

"भावोजी, ताई कशी दिसते तुम्हाला?"

"बरी आहे की."

"शेवटचं बघितलंत कधी?"

तो गुंडी लावत राहिला.

"मग माझ्याकडून ऐका. तुम्ही शेजारी बसून जेवता ना, तेव्हा ती चार चमचे घेते. तुमचा घास गेला की तिचा. तुमचा शुक्रवार म्हणजे तिचाही शुक्रवार. थेंब उतरत नाही घशाखाली. आणि शुक्रवारचं शनिवारी भरून निघायला ती काही पाण्याची टाकी नाही."

"तिला माफी आहे. आजाऱ्यांना—"

"चर्चची आहे हो. तुमची कुठे आहे?"

तो आत गेला आणि इतक्या दिवसांनी त्याने बघितलं. बोटातून निसटू लागलेली अंगठी तिने दोऱ्याने बांधून ठेवली होती. लांबी तीच होती. रुंदी मात्र पोराच्या पेटीची झाली होती. डोळ्यांनी आपलं काम चोख केलं.

"अगं, सांगायचंस तरी."

"कोणाला? खिडकीला?" ती म्हणाली. "एकटीच्याने नाही हो उतरत. सवयच नाही."

"हा उपास तुझ्यासाठीच धरलाय. आज मोडला तर..." पुढचं त्याला बोलवेना.

"तर काय? मी मरेन?" ती हसली, तेवढ्याने तिला धाप लागली. "एवढं सगळं सोडलंत माझ्यासाठी. आता हा उपाससुद्धा सोडा."

मेहुणीने वाडगा त्याच्या हातात दिला. हा घास म्हणजे आपण तिच्या पेटीला ठोकलेला पहिला खिळा, असंच त्याला वाटत होतं. तरी त्याने चमचा तोंडात घातला. मग तिला दिला. तिने गिळला. पुन्हा त्याने, पुन्हा तिने.

त्या दिवशी चर्चची घंटा मुकी असते, लाकडी खटखटी वाजवतात. ती पेटीवाल्यानेच करून दिलेली. ती हातात घेऊन घंटावाला त्याला बोलवायला आला आणि उंबऱ्यातच थिजला.

"पेटीवाल्या, सूप? आज?"

"आज."

"आणि क्रूस?"

"सवलतवाल्यांपैकी कुणाला तरी दे," पेटीवाला म्हणाला आणि मिशी न पुसता पुढचा चमचा भरला.

क्रूस पाववाल्याने उचलला. तो गुटगुटीत असल्याने यंदा मिरवणूक शोभली नाही, असं लोकांचं मत पडलं.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात ती गेली. तोवर रोज, शुक्रवारीसुद्धा, दोघं एका वाडग्यात जेवली. "सैल करू नका हं, आत गडगडेन मी," असं तिने एकदा जेवता जेवता बजावलं होतं. तिची पेटी करताना त्याने टेप हातात घेतला नाही. पेटी बरोब्बर बसली. तिच्याकडे रोज बघितल्याची किंमत तेवढी होती, माप पाठ झालं होतं.

दफनानंतर तो कारखान्यात भुशावर बसून राहिला. त्या दिवशी काही खाल्लं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. याला कुणी उपास म्हटलं नाही. त्यालाही ते सुचलं नाही. भूक लागत नव्हती, आणि देवही आठवत नव्हता.

संध्याकाळी मेहुणी वाडगा घेऊन आली. खा म्हणाली नाही. शेजारी भुशात बसली, आधी एक चमचा स्वतः घेतला, आणि मग चमचा त्याच्यापुढे धरला.