उंदरानं गिळलेला सूर

ये गं बाई, अशी जवळ सरक. पुण्यात असलीस म्हणून काय झालं, मनानं सरक. आधी कान धरते तुझा, मग बोलते. एवढं गोड गायलीस आणि नेमका खड्डा तेवढा बुजवून टाकलास?

कोणता खड्डा म्हणशील, तर ऐक.

जयंतीला आमच्या वस्तीत नाटक बसायचं. एका वर्षीच्या नाटकात नवरा-बायको लासूर स्टेशनात गाडीत बसतात. नवरा पाणी भरायला खाली उतरतो आणि गाडी सुटते. बायको खिडकीतून गाते, ‘थांब ना गं गाडी, माझं माणूस राहिलं.’ नायिकेला गाता येत नव्हतं, म्हणून मी पडद्यामागं. तुझे काका तेव्हा काका नव्हते, नुसते पेटीवाले होते. गाणंही त्यांचं, चालही त्यांचीच.

तर ऐन नाटकाच्या दुपारी पेटी उघडली. सा वाजला, रे वाजला, ‘प’पर्यंत सगळं ठीक. ‘ध’ दाबला की नुसतं फुस्स! उंदरानं आत चिंध्या कोंबून घर केलेलं. काढायला जावं तर पेटीच खिळखिळी होईल, आणि दुसरी पेटी आणायची कुठून?

मी त्यांना म्हटलं, “आता काय करायचं? रडायचं?”

“रडायचं नाटकात. आत्ता उडी मारायची. ‘प’वरून थेट ‘नी’वर. मधी बघू नको.”

“पडले तर?”

“गटार ओलांडतीस का नाय? तसंच.”

मारली उडी. ‘माणूस’ म्हणताना आवाज असा फाटला की समोरच्या बाया पदर तोंडाला लावून बसल्या. नाटक संपल्यावर एक म्हातारबा मागं आले. मला वाटलं, शाबासकी द्यायला आले. तर म्हणतात कसे, “पोरी, पण त्या माणसाला पाणी मिळालं का?”

मग ते गाणं सुटलं बघ गाडीसारखं. बँडवाल्यांनी उचललं, नवरी निघाली की तेच. पुढं वरातीतही वाजायला लागलं, तेही जलद! त्या उडीवर सनई अशी किंचाळायची की नाचणारी पोरं खरंच उड्या मारायची. कव्वालीवाल्यांनी ‘रुक जा री गाडी’ केलं. पैठणला जाताना एसटीत ड्रायव्हरच्या मोबाईलची रिंगही तीच, आणि गाडी काही थांबत नव्हती! मागं एकदा टीव्हीवर एक गुरुजी डोळे मिटून सांगत होते, त्या उडीत म्हणे ताटातुटीचा दर्द आहे. काका मला म्हणाले, “दर्द कसला, उंदीर हाय तो.” हसून हसून चहा सांडला आमचा.

नाव मात्र कुठंच लागलं नाही त्यांचं. मोबाईलवर गाण्याखाली लिहितात, ‘पारंपरिक’. काका म्हणतात, “लोक मेल्यावर पारंपरिक होतात, मी जित्तेपणीच झालो.”

पण एक गंमत सांगू? गाणं कुठंही लागू दे, लग्नात, पानाच्या टपरीवर, शेजारच्यांच्या टीव्हीवर. ती जागा आली की काकांचं बोट आपोआप वर जातं. मुक्या पट्टीवरून पलीकडं जायला. उडी झाली की बोट खाली, आणि गालात हसू. जगानं गाण्याचं काय वाट्टेल ते केलं, तेवढी उडी मात्र कुणी मोडली नव्हती.

परवा तू ग्रुपवर गाणं टाकलंस. काकांनी कानातलं मशीन नीट बसवलं, मोबाईल मांडीवर घेतला. बोट वर गेलं. आणि तू ‘प’वरून ‘ध’वर, ‘ध’वरून ‘नी’वर, पायऱ्या चढल्यासारखी सावकाश वर गेलीस. बोट तसंच राहिलं हवेत. खाली कधी आणावं ते कळेना त्यांना.

“पोरीचा गळा लई गोड हाय,” म्हणाले आणि मशीन काढून ठेवलं. “सेल संपला वाटतं.”

मी बघितलं नंतर. सेल चांगला होता.

तुझ्या गाण्याच्या बाईंनी शिकवलं असेल, राग चुकतो म्हणून. व्हय, चुकत असेल. बाईंना माझा नमस्कार सांग. त्यांच्यापुढं ‘ध’ लावून गा, परीक्षेत मार्क घे. पण आमच्या घरात त्या ‘ध’ला मज्जाव आहे. पेटी अजून तीच आहे. दुसऱ्या कामाला नेली की क्रांती चौकातला दुरुस्तीवाला दरवेळी म्हणतो, “चाचा, साफ कर देता ना!” काका पेटी पोटाशी धरून परत आणतात.

आता मशीन लावूनही त्यांना बारीक आवाज ऐकू येईनासा होत चाललाय. गळा चांगला मोठा लावावा लागेल तुला, आणि बसावं लागेल अगदी त्यांच्या कानाशी. मोबाईलवरनं ते होणार नाही. तेव्हा या रविवारी निघच. क्रांती चौकात उतर, मी रिक्षा घेऊन येते. वांग्याचं भरीत करते, भाकरी गरम गरम. तू फक्त उडी मारायला ये गं, लवकर ये.