उलटा शिकवलेला इतिहास

अक्कलकुव्याच्या कॉलेजात मी इंग्रजी साहित्याचा इतिहास शिकवतो. अभ्यासक्रम ज्याने कोणी आखला त्याने सातपुडा नकाशातसुद्धा पाहिला नसावा. जूनमध्ये आरंभ करायचा तो हजार वर्षांपूर्वीच्या, लिहिणं न येणाऱ्या गायकांपासून, आणि एकेक युग ओलांडत मार्चमध्ये आजच्या काळाला टेकायचं. इकडे दिवाळी झाली की डोंगरातली निम्मी पोरं आईबापांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला जातात. त्यांचा इतिहास राजेरजवाड्यांच्या नाटकांपाशीच थांबतो. पेपरात बहुतेक प्रश्न असतात त्यापुढचे.

मोलगीकडची एक मुलगी याच पेपरात नापास झाली होती. बापाने तिला बजावलं होतं, अजून एकदा बस, नाही निघाला तर हातात कोयता घे. हे तिने मला वर्गाबाहेर सांगितलं, जमिनीकडे बघत. मला संताप आला. तो कोणावर काढायचा ते मात्र कळेना.

त्या जूनमध्ये मी इतिहास उलटा शिकवायला घेतला. आजपासून सुरुवात, मग मागे मागे. शेजारच्या वर्गावरचे सर हसले. "हाई काय उलटं चाली ऱ्हायनं, सर? पोरे गोंधळी जातीन ना!" गोंधळली तर गोंधळू द्या, मी म्हटलं, नापास तरी होणार नाहीत.

दिवाळीपर्यंत महायुद्धं, कारखाने, निसर्गकवी असं सगळं उरकलं. मग मोलगीकडची ती मुलगी घरच्यांबरोबर उसाला गेली. होळीला सगळे डोंगरात परततात तशी तीही परतली, आणि पुन्हा निघताना बापाने तिला परीक्षेसाठी मागे ठेवलं. तोवर वर्ग अगदी मुळाशी पोचला होता. राजाच्या शेकोटीपाशी बसून पूर्वजांच्या कथा गाणारे ते गायक. मी दरवर्षीचं वाक्य टाकलं, की यातलं फार थोडं उरलं, बाकी गेलं.

"कशामुळे गेलं, सर?" तिने विचारलं.

मी पाठ असलेली कारणं सांगितली. लिहिणारे नव्हते, मठ जळाले, धर्म बदलला. तिने ती उतरवून घेतली आणि पेन खाली ठेवलं.

"आमचा आजा देवाच्या पूजेत गाथा गायचा, सर. पृथ्वी कशी झाली, तिथपासून. बाप आणि काका मागे झील धरायचे, तशीच ती गाथा शिकतात. या थंडीत आजा गेला. आम्ही सगळे उसात होतो." वही मिटत ती म्हणाली, "काकाला सुरुवात तेवढी येते."

त्या दिवशी मी तास लवकर सोडला.

निकाल लागला, ती पास झाली. घरच्या आमचुराचं, वाळवलेल्या कैरीच्या फोडींचं पुडकं घेऊन मला भेटायला आली. बापाने कोयत्याचं नाव काढायचं सोडलं होतं. मला इतका आनंद झाला की पुडकं तिथेच उघडून एक फोड मी तोंडात टाकली. मग न राहवून विचारलं, काकाला आता गाथा थोडी पुढे आठवते का.

"काका गातच नाही, सर," ती म्हणाली. "अर्धी गाथा देवापुढे चालत नाही."