वर्तुळाला विळ्याची चीर

१८ नोव्हेंबर. शाळेच्या स्वयंपाकघरातले भाताचे दोन मोठे गंज घासून पालथे घातले आणि ओल्या हातांनीच आठवीच्या दारात उभी राहिले. सर फळ्यावर वर्तुळाचं क्षेत्रफळ लिहीत होते.

मी इथं पोरांचा स्वयंपाक करते. यंदा बाहेरून दहावीला बसायचं ठरवलं. फॉर्मची शेवटची तारीख दुसऱ्याच दिवशी. गणित ठेवायचं की सोडायचं, एवढंच अडलं होतं.

विचारलं, "सर, सूत्र मले पाठ आहे. थे निघालं कुठून?"

सर पोरांकडे पाहून हसले. "बाई, तुमच्या आज्यानं टोपल्या विणल्या, बापानं विणल्या. त्यायनं विचारलं काय कुठून निघालं? तुमची पोळी गोल येते ना, बस झालं."

पोरं हसली. त्याच वर्गात माझी पुतणी. तिनं मान खाली घातली. ती मान मला जास्त लागली.

सातवीत, वारासिवनीला, मी हेच विचारलं होतं. गुरुजींनी वर्ग झाडायला लावला. मी झाडला.

गंजाखाली ठेवायला मी भाताच्या पेंढ्याचा, तणसीचा दोर मधून बाहेर गुंडाळत, टाके घालत गोल चटया करते. त्या दुपारी सवयीनं आधी एक उकलली. हाती नुसता लांब दोर. काही कळलं नाही. चिडून दुसरीला विळ्यानं मध्यापासून काठापर्यंत चीर दिली. टाके उसवले, वेढे सरळ करून एकाखाली एक मांडले. सगळ्यात बाहेरचा सगळ्यात लांब. मधला बोटाएवढा. त्रिकोण.

पाया म्हणजे घेर. उंची म्हणजे त्रिज्या. दोघांच्या गुणाकाराचं अर्धं. घेर दोन पाय आर, त्याचा अर्धा पाय आर, गुणिले आर. पाय आर वर्ग.

आनंद नाही झाला. संताप आला. एका चिरेचं काम, आणि त्यासाठी पस्तीस वर्षं.

सरांना बोलावून दाखवलं. म्हणाले, "हे परीक्षेत येत नाही. चटई नवी करून ठेवा."

"नाही करत," मी म्हणाले. "आधी हे वर्गात दाखवा. तुमाले नसन जमत तर मी दाखवतो."

ते वर्गाकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फॉर्मवर गणित लिहिलं. माझ्यासोबत स्वयंपाक करणाऱ्या बाईला भात टाकायला सांगितलं, पहिल्या बसनं बालाघाटला जाऊन फॉर्म देऊन आले. परतले तेव्हा सरांचा तास चालू होता. आत गेले. पुतणीला सरकायला सांगून तिच्या बाकावर बसले.

सर थांबले. मी वही उघडली.